चाळीस भागांनंतरचा हट्ट

वाचकाचे पत्र :

माझा मुलगा चौदा वर्षांचा असून यंदा नववीत गेला आहे. दहाव्या वर्षापासून तो इथल्या एका क्लबमध्ये टेनिस खेळतो. चौदा वर्षांखालील सात-आठ स्पर्धा त्याने खेळल्या. दोनदा दुसरी फेरी गाठली, बाकी सगळीकडे पहिल्याच फेरीत हरला. मे महिन्याच्या सुटीत त्याने मोबाइलवर एक चिनी मालिका पाहिली. एका शाळेच्या टेनिस संघाची ती गोष्ट आहे. चाळीस भाग आहेत, आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचत त्याने ती दोनदा संपवली. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला आहे : शाळा सोडून मला पुण्याच्या निवासी अकादमीत घाला, दहावी मी बाहेरून देईन. चीनमध्ये शाळेतच असे खेळाडू घडतात, आपल्याकडे शाळेत काहीच नाही, असे तो म्हणतो. यजमानांनी चिडून सबस्क्रिप्शन बंद केले आणि "मालिका बघून कोणी खेळाडू होत नसतो" असे सुनावले. त्याला दहा दिवस झाले, बापलेकांत बोलणे नाही. अकादमीसाठी थोडे कर्ज काढावे लागेल, पण मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे म्हणून मी त्यालाही तयार आहे. आम्ही चुकतो आहोत का? मुलगा रोज संध्याकाळी गच्चीवर एकटाच दीड-दोनशे सर्व्हिस मारतो. मालिकेतल्या मुलासारखी चेंडू उसळवणारी सर्व्हिस त्याला जमवायची आहे. हल्ली अधूनमधून कंबर दुखते म्हणतो, पण ते फारसे काही नसावे.

– एक आई, सोलापूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी शब्दांत आलेल्या गोष्टीचे उत्तर मी आधी देते, कारण बाकीचे सगळे महिनाभर थांबले तरी चालेल, पण हे थांबता कामा नये. मुलाची कंबर दुखते आहे आणि तो रोज दीड-दोनशे सर्व्हिस मारतो आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. त्याला जी सर्व्हिस जमवायची आहे तिला किक सर्व्हिस म्हणतात. चेंडू डोक्याच्या वर, किंचित मागच्या अंगाला उडवायचा, पाठीची कमान करायची आणि अंग पिळत रॅकेट खालून वर चेंडूवर घासत न्यायची, अशी तिची रीत आहे. टप्पा पडताच चेंडू खांद्याएवढा उसळतो आणि समोरच्याला तो नीट परतवता येत नाही. दिसायला फार देखणी सर्व्हिस आहे. पण त्या कमानीचा आणि पिळाचा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो, आणि चौदाव्या वर्षी, उंची झपाट्याने वाढत असताना, त्या मणक्यांच्या मागच्या बाजूचे हाड पुरते पक्के झालेले नसते. तोच ताण रोज पडत राहिला तर तिथे बारीक चीर पडू शकते. टेनिस खेळणारी, वेगवान गोलंदाजी करणारी आणि जिम्नॅस्टिक्स करणारी मुले हे दुखणे घेऊन डॉक्टरांकडे नेहमी येतात. मागे वाकल्यावर दुखते, खेळल्यावर वाढते आणि विश्रांती घेतली की उतरते, ही त्याची लक्षणे आहेत. आणि विश्रांतीने उतरते म्हणूनच घरची माणसे त्याला साधी अंगदुखी समजून बाम चोळत बसतात. वेळेवर लक्षात आले तर बहुतेक मुले काही महिन्यांच्या विश्रांतीने आणि योग्य व्यायामाने पूर्ण बरी होतात.

तेव्हा गच्चीवरची सर्व्हिस आजपासून बंद, आणि या आठवड्यातच त्याला हाडांच्या डॉक्टरांना, शक्यतो खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्यापुढे नुसते "कंबर दुखते" म्हणून थांबू नका. रोज किती सर्व्हिस, किती आठवड्यांपासून, कोणत्या सर्व्हिसचा सराव आणि गच्चीची फरशी कसली आहे, हे सगळे सांगा. डॉक्टरांकडे त्याला त्याच्या वडिलांनी न्यावे असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

आता मालिकेकडे वळते. तुमचे पत्र आल्यावर मी ती पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली, कारण न पाहता तिच्याविषयी मत देणे हा तुमच्या मुलावर अन्याय झाला असता. चीनच्या हुनान वाहिनीवर ती जुलै २०१९मध्ये सुरू झाली. तिच्या चिनी नावाचा अर्थ "झटत राहा, पोरा" असा काहीसा होतो. लू शिया हा मुलगा अमेरिकेतून चीनला परततो, युछिंग नावाच्या शाळेत दाखल होतो आणि तिथल्या टेनिस संघात शिरतो. वडील एकेकाळचे टेनिसपटू, त्यामुळे खेळ त्याच्या हाडीमाशी मुरलेला. पण त्याला एकट्याने जिंकायची सवय आहे, आणि आता वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर, त्यांचे ऐकून, कधी त्यांच्यासाठी थांबून खेळायचे आहे. चाळीस भागांचा गाभा एवढाच आहे, आणि तो मालिकेने मनापासून सांभाळला आहे. मला ती आवडली. काही फटके संगणकाच्या करामतीने फुगवलेले आहेत, काही सामने लांबले आहेत, पण मुलांमधली माया खोटी वाटत नाही. तुमचा मुलगा कोणत्या गोष्टीत गुंतला हे मला ती पाहिल्यावर कळले, आणि कळल्यावर त्याचा राग येईनासा झाला.

मात्र "चीनमध्ये शाळेतच असे खेळाडू घडतात" हे त्याचे म्हणणे तपासून पाहायला हवे, आणि ते तुम्ही त्याच्याबरोबर बसूनच तपासावे, कारण तो मुलगा खोटे बोलत नाही. पडद्यावर जे दिसले ते त्याने खरे मानले आहे. ही गोष्ट मुळात चीनची नाहीच. ताकेशी कोनोमी या जपानी चित्रकथाकाराची टेनिसवरची चित्रकथा जपानच्या एका साप्ताहिकात १९९९ ते २००८ अशी जवळजवळ नऊ वर्षे चालली. तिच्यावर जपानमध्ये ॲनिमेशनची लांबलचक मालिका निघाली, २००८मध्ये चीनमध्ये एक मालिका झाली, आणि तुमच्या मुलाने पाहिलेली ही २०१९ची आहे. मूळ गोष्टीत जे शाळकरी जग आहे ते जपानच्या शाळेचे आहे. तिथे शाळा सुटल्यावर मुले घरी जात नाहीत, शाळेतल्याच एखाद्या मंडळात जातात. कोणी बेसबॉलच्या, कोणी तलवारबाजीच्या, कोणी वाद्यवृंदाच्या. नव्या मुलांनी चेंडू गोळा करायचे, मोठ्यांचा मान ठेवायचा, आणि त्यांच्या हाताखाली तयार होऊन पुढे आपण मोठे झाल्यावर नव्यांना सांभाळायचे, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. चित्रकथेतला कर्णधार शिस्त मोडणाऱ्याला मैदानाभोवती चकरा मारायला लावतो, आणि संघात कोण राहणार हे मुलांच्या आपसांतल्या सामन्यांतून ठरते. ही सगळी उतरंड आणि ही सगळी माया जपानी शाळेतून उचलून चिनी शाळेत आणून ठेवलेली आहे.

प्रत्यक्ष चीनमध्ये खेळाडू घडवण्याची वाट गेली कित्येक दशके वेगळी राहिली. १९५०च्या दशकात सोव्हिएत धर्तीवर तिथे क्रीडाशाळा उभ्या राहिल्या. बीजिंगची प्रसिद्ध शिछाहाय क्रीडाशाळा १९५८ची. लहान वयात प्रशिक्षक मुलाची ठेवण, चपळाई, हाताचा झपाटा पाहून त्याला निवडतात. तिथून प्रांताचा संघ, आणि त्यातून गाळून उरलेल्यांचा राष्ट्रीय संघ. मुले वसतिगृहात राहतात, सकाळ-संध्याकाळ सराव करतात आणि उरलेल्या वेळात अभ्यास. खर्च सरकारचा, म्हणून खेळाडूने कुठे खेळायचे आणि कोणाच्या हाताखाली शिकायचे हे ठरवण्याचा हक्कही सरकारचा. साध्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची वाट याहून अगदी निराळी असते. नववीच्या अखेरीस तिथे एक मोठी परीक्षा होते, आणि पुढची शाळा कोणती मिळणार हे तिच्यावर ठरते. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाचा चिनी मुलगा या वर्षी गच्चीवर नसता, क्लासमध्ये असता. आणखी तीन वर्षांनी, दरवर्षी ७ जूनला सुरू होणारी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिच्या काळात परीक्षा केंद्राजवळची बांधकामे थांबवतात आणि वाहनांना भोंगे वाजवू देत नाहीत, इतका तिचा दबदबा. नववीच्या परीक्षेत धावणे-उड्यांच्या चाचणीचेही गुण धरतात, पण टेनिसच्या संघासाठी रोजची दुपार मोकळी सोडणे ही निराळी गोष्ट झाली. खेळ आणि शिक्षण यांची इतकी फारकत झाली होती की त्या दोहोंचा मेळ घाला, असे धोरण चीन सरकारला २०२०मध्ये मुद्दाम काढावे लागले. ही मालिका त्याच्या एक वर्ष आधीची.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगा, त्याला ती पटकन समजेल. मालिका प्रसारित झाली तेव्हा चीनच्या मुख्य भूमीतला एकही पुरुष टेनिसपटू जगातल्या पहिल्या शंभरांत कधीच पोचलेला नव्हता. झांग झिझेन हा पहिला, आणि तो पोचला ऑक्टोबर २०२२मध्ये. वू यिबिंगने डलासला एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा जिंकली ती फेब्रुवारी २०२३मध्ये. त्याआधी चीनच्या कोणा पुरुषाला तेवढेही जमले नव्हते. म्हणजे पडद्यावर एका शाळेत आठ-नऊ अजोड मुले खेळत होती, आणि तेव्हा एवढ्या मोठ्या देशात पहिल्या शंभरांतला एक माणूस नव्हता. लू शियाचे काम करणारा पंग यूछांग हा नट १९९४चा, म्हणजे मालिका आली तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा स्वतःच्या खांद्यांची आणि पाठीची तुलना एका चोवीस वर्षांच्या माणसाशी आणि संगणकाने काढलेल्या चेंडूशी करतो आहे, आणि त्या तुलनेची किंमत त्याची कंबर मोजते आहे.

चीनची खरी टेनिसकथा त्याला ऐकायचीच असेल तर ली नाची सांगा. ती १९८२मध्ये वूहानला जन्मली. आधी तिला बॅडमिंटनला घातले होते, मग टेनिसला वळवले. ती चौदा वर्षांची असताना वडील गेले. प्रशिक्षणाची ती वर्षे रागावण्यात आणि धाकात गेली, कौतुकाचा शब्द वाट्याला आला नाही, असे तिने पुढे स्वतः लिहिले आहे. २००२च्या अखेरीस, ऐन उमेदीत, तिने राष्ट्रीय संघ सोडला आणि वूहानच्या एका विद्यापीठात पत्रकारिता शिकायला बसली. टेनिस सोडून चक्क कॉलेज! दोन वर्षांनी ती परतली ती स्वतःच्या मनाने. २००८च्या अखेरीस तिला आणि आणखी तिघींना आपला प्रशिक्षक आपण निवडण्याची मुभा मिळाली. तोवर बक्षिसाच्या रकमेतला जवळपास ६५ टक्के वाटा सरकारी टेनिस संघटनेकडे जात असे, तो ८ ते १२ टक्क्यांवर आला, पण प्रवास-प्रशिक्षणाचा सगळा खर्च मात्र त्यांच्या अंगावर आला. त्यानंतर २०११मध्ये तिने फ्रेंच ओपन जिंकली आणि २०१४मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपन. तुमच्या मुलाला वाटते की शाळा सोडली की टेनिस सुरू होते. हिच्या आयुष्यात शिकायला गेलेल्या वर्षांनंतर खरे टेनिस सुरू झाले.

आणि इथे मला तुमच्या यजमानांशीही थोडे बोलायचे आहे. "मालिका बघून कोणी खेळाडू होत नसतो" या त्यांच्या वाक्यातला काळजीचा भाग मला समजतो, तुच्छतेचा भाग पटत नाही. शियान नावाच्या शहरातली झेंग छिनवेन अकरा वर्षांची होती तेव्हा तिने ली नाला ऑस्ट्रेलियात जिंकताना पडद्यावरच पाहिले, आणि आपणही हे करू शकतो असे तेव्हा वाटले, हे तिने अनेकदा सांगितले आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच मुलीने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, आणि तेही रोलां गॅरोवर, जिथे ली ना २०११मध्ये जिंकली होती. पडद्यावरून ठिणगी पडते, ताई. तिने पाहिला तो सामना खरा होता आणि तुमच्या मुलाने पाहिला तो रचलेला, एवढा फरक आहे, आणि तो भरून काढता येतो. बापलेकांनी एका रविवारी ली नाचा २०१४चा अंतिम सामना बरोबर बसून पाहावा. पहिला सेट किती अटीतटीचा झाला आणि दुसरा किती सहज गेला, हे दोघांनाही बोलायला पुरेसे आहे. बंद केलेले सबस्क्रिप्शन पुन्हा सुरू करा. शिक्षा म्हणून काढून घेतलेली मालिका मुलाच्या मनात चाळीसच्या जागी चारशे भागांची होते.

आता मुख्य गोष्ट. मी बरीच वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि मुलांना घेऊन स्पर्धांना गेले. चौदा वर्षांखालच्या टेनिस स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलाचा दिवस कसा जातो हे मी खूप जवळून पाहिले आहे. शाळेची तीन दिवसांची रजा काढायची, पहाटेच्या गाडीने परगावी जायचे, लॉजवर सामान टाकायचे. भिंतीवर लावलेल्या ड्रॉच्या, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याच्या, कागदावर बोटाने आपले नाव शोधायचे. आठचा सामना साडेदहाला लागतो. कोर्टवर दोन मुले, आणि रेषेजवळचा चेंडू आत की बाहेर हे पुष्कळदा त्यांनीच पुकारायचे असते, म्हणून चौदा वर्षांचा मुलगा खेळाडूही असतो आणि पंचही. जाळीबाहेर आई पाण्याची बाटली धरून उभी, तिला बोलायची सोय नाही. पाऊण तासात सारे संपते. हात मिळवायचा, रॅकेट पिशवीत घालायची, आणि मग? मग काही नाही. त्या स्पर्धेत त्या मुलाचे आता काहीच काम उरलेले नसते. मी एका मुलाला हरल्यानंतर कोर्टजवळच्या नळावर दहा मिनिटे तोंड धुताना पाहिले आहे. तो रडत होता हे कोणाला कळू नये म्हणून नळ चालूच होता.

मालिकेत हरलेल्या मुलाचे काय होते ते आठवायला तुमच्या मुलाला सांगा. तो बाकावर येऊन बसतो, शेजारी कोणीतरी बसलेले असते, आणि पुढचा सामना अजून व्हायचा असतो. तो हरला तरी संघ हरलेला नसतो. त्याच्या ओरडण्याला किंमत असते. त्याचा अपमान त्याच्या एकट्याचा राहत नाही. तुमच्या मुलाने चार वर्षांत सात-आठ स्पर्धा खेळल्या आणि जवळजवळ सगळीकडे तो पहिल्या दिवशी एकटा घरी परतला. मग सुटीत त्याने चाळीस भाग अशी मुले पाहिली जी कधीच एकटी घरी परतत नाहीत. तो ही मालिका दोनदा का पाहणार नाही? मला तर वाटते, त्याला टेनिसमधले मोठेपण फारसे नकोच आहे. त्याला तो बाक हवा आहे. "अकादमी" हा त्याला सुचलेला एकमेव शब्द आहे, कारण ती सोडून मुले जिथे एकत्र राहून खेळतात अशी दुसरी जागा त्याला माहीत नाही.

माझे हे म्हणणे बरोबर आहे की नाही हे तुम्हाला एका प्रश्नावरून कळेल. त्याला सहज, भाजी निवडता निवडता विचारा की त्या संघात तुला कोण व्हायला आवडेल. तो लू शियाचे नाव घेणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो बहुधा कर्णधाराचे नाव घेईल, नाहीतर दुहेरीत एकत्र खेळणाऱ्या दोघांपैकी एकाचे. त्याने उलट "मला लू शियाला हरवायचे आहे" असे काही म्हटले, तर मी चुकले, आणि मग त्याच्या प्रशिक्षकाशी वेगळ्या पातळीवर बोलावे लागेल. दोन्ही उत्तरे चांगलीच आहेत. कर्णधाराचे नाव घेतले तर मात्र एक सावधगिरी बाळगा. दुखरा हात घेऊन संघासाठी खेळत राहणारा कर्णधार गोष्टीत थोर दिसतो, आणि बहुधा म्हणूनच तुमच्या मुलाने कंबर दुखत असताना सराव थांबवला नसावा. दुखणे लपवणे म्हणजे संघाशी निष्ठा नव्हे, हे त्याला तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षकांनी सांगितले तर तो ऐकेल.

अकादमीविषयी माझे मत स्पष्ट आहे : आता नको. चांगल्या अकादमीत रोज चार-सहा तासांचा सराव असतो, उत्तम कोर्ट असतात, आणि शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा हा त्याच वयोगटातला तुमचा प्रतिस्पर्धी असतो. ज्याला सोबत हवी आहे त्याला तिथे आणखी एकटे वाटण्याची शक्यता अधिक. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते हे खरे आहे, आणि काही मुलांसाठी तो मार्ग योग्यही असतो. पण तो राज्यपातळीवर सातत्याने पुढच्या फेऱ्या गाठणाऱ्या मुलाने, वर्षभर विचार करून, घ्यायचा निर्णय आहे. एका मालिकेनंतरच्या जूनमध्ये घ्यायचा नाही. दाराला कुलूप मात्र लावू नका. कंबर बरी झाल्यावर दिवाळीच्या सुटीत दोन आठवड्यांचे शिबिर करू द्या. तिथे एका कोर्टवर किती मुले असतात, शिकवणारे रोज स्वतः येतात की मदतनीस, अभ्यास कोण घेते, आणि मागच्या पाच वर्षांत जी मुले खेळात पुढे गेली नाहीत ती आज काय करतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळणारी अकादमी तुम्हीही टाळा. आणि कर्ज काढू नका. कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला हरण्याची मोकळीक राहत नाही, आणि चौदाव्या वर्षी हरण्याची मोकळीक नसेल तर टेनिस शिकताच येत नाही. प्रत्येक चुकलेल्या फटक्याबरोबर त्याला हप्ता आठवेल.

सोबत मात्र तुम्ही त्याला सोलापुरातच मिळवून देऊ शकता, आणि त्यासाठी लागणारी माणसे तुमच्या क्लबमध्ये आताच आहेत. प्रशिक्षकांना भेटून सांगा की महिन्यातून एका रविवारी क्लबच्या मुलांचा संघ म्हणून सामना खेळवा. मूळ चित्रकथेत शाळांच्या लढती दोन दुहेरी आणि तीन एकेरी अशा पाच सामन्यांच्या असतात. सात मुले असली की तेवढा संघ होतो. आधी क्लबमध्येच दोन गट पाडून खेळा, मग शेजारच्या गावातल्या एखाद्या क्लबला बोलवा. चषक नको, बक्षीस नको, पण एक नियम ठेवा : आपला सामना झाला तरी शेवटचा सामना संपेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. खर्च म्हणाल तर चेंडूंचे दोन-तीन डबे आणि पोह्यांचे पातेले. दुहेरी खेळायची सवय आपल्याकडे मुलांना फार उशिरा लागते, आणि ज्याला जोडीदाराशी डोळ्यांनी बोलता येते त्याची नेटजवळची नजर एकेरीतही सुधारते, असे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

तुम्ही म्हणाल, कंबर दुखते आहे तर तो यात खेळणार कसा? पहिले काही आठवडे, डॉक्टर परवानगी देईपर्यंत, तो खेळणार नाही. या गोष्टीत एक मुलगा आहे, तो प्रत्येक खेळाडूची माहिती वहीत टिपून ठेवतो : कोणाची सर्व्हिस कोणत्या कोपऱ्यात पडते, कोण दमल्यावर बॅकहँड आखूड मारतो. तुमच्या मुलाला तो नक्की आठवेल. त्याला एक दोनशे पानी वही आणून द्या, आणि पहिल्या रविवारी संघाची नोंद ठेवण्याचे काम प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर त्याच्याकडे सोपवावे. दहा-अकरा वर्षांची जी मुले नवी आली आहेत त्यांना कोणत्या क्रमाने खेळवायचे, हेही त्यालाच ठरवू द्या.

डॉक्टरांकडे वडिलांनीच न्यावे असे मी म्हटले ते यासाठी, की दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास बसावे लागते, आणि शेजारी-शेजारी बसून, एकमेकांकडे न पाहता, बापलेकांना जे बोलता येते ते घरात समोरासमोर बोलता येत नाही. यजमानांनी सुरुवात माफीने करण्याची गरज नाही. "तो कर्णधार शेवटी बरा होतो का रे?" एवढे विचारले तरी पुरे.

डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, आणि त्या प्रश्नाला मुलाने कोणाचे नाव घेतले तेही.